नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, थांबवायला काहीच नाही

मंडळी नमस्कार, आज जरा चिडूनच बोलणारे, सांभाळून घ्या. बालेवाडीच्या शूटिंग रेंजवरच्या आमच्या एका मित्राची रायफल अजून "तपासणीवर" आहे, म्हणजे ती कुठल्या वर्गात बसते आणि लायसन द्यायचं की नाही, हे ठरायचंय. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही, उगाच त्याची फाइल गठ्ठ्यात अजून खाली जायची.

तर बंदूक कुठल्या वर्गात बसते हे ठरवायला लागतं काय? साधी छऱ्याची बंदूक घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर लायसन लागत नाही. तेच मॉडेल, तीच कंपनी, फक्त नळी साडेपाच मिलिमीटरची घेतली की झालं, लायसन काढा. आता हे तपासायचं कसं, तर नळी मोजा, छरा वजन करा, क्रोनोग्राफवर वेग बघा, मग अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. मॅचचा छरा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७५ मीटर धरला तर उत्तर साडेसात-आठ ज्यूल येतं. नववीच्या पोराचं गणित आहे हो, चहा निवायच्या आत होतं.

मोठ्या बंदुकांचं तर मोजायचंही फारसं नाही, यादीच आहे. आणि ती यादी मजेशीर आहे बरं का. पॉइंट थ्री-झीरो-थ्री प्रतिबंधित बोअर, पण पॉइंट थ्री-वन-फाइव्ह, जी तिच्यापेक्षा जाड गोळी आहे, ती सामान्य माणसाला लायसनवर मिळते. का? कारण थ्री-नॉट-थ्री लष्कराची गोळी होती, लष्कराचा दारूगोळा लोकांच्या हातात जाऊ नये हा इंग्रजांच्या वेळचा हिशोब, तो आपण १९५९ च्या शस्त्र कायद्यातही चालू ठेवला. पटो न पटो, पण निदान स्पष्ट तरी आहे, बोअर वाचा आणि रकाना बघा.

मग महिने कुठे जातात?

हे नीट ऐका. शस्त्र कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लायसन नाकारलं तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं. कलम १८ प्रमाणे त्या ऑर्डरवर अपील करता येतं. आता तुम्ही त्या खुर्चीत बसलाय असं समजा. हो म्हणालात आणि उद्या काही घडलं तर नाव तुमचं, नाही म्हणालात तर कारण लिहा, अपिलात उत्तर द्या. आणि फाइल नुसती ठेवून दिली तर? काहीच नाही. ऑर्डरच नाही तर समोरचा अपील कशावर करणार! कलम १३ मध्ये तर असंही आहे की पोलीस रिपोर्ट मुदतीत आला नाही तर लायसन देणारा अधिकारी त्याची वाट न बघता निर्णय घेऊ शकतो. "शकतो" हं, "घेतलाच पाहिजे" नाही, आणि कोण कशाला घेईल?

कोणी म्हणेल बंदूक आहे ती, भाजी नाही, वेळ लागणारच. अरे बाबा कडक करा ना, पाच वेळा चौकशी करा, घरी या, कपाटाचं कुलूप बघा, पण बघून झाल्यावर काहीतरी लिहा. गावठी कट्टावाला तुमच्या लाइनीत उभाच नाहीये. उभा आहे तो पन्नास मीटरचा शूटर, ज्याची मॅच निघून जाते, आणि ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून पन्नास मीटर रायफलचं ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यात मोठे फ्लेक्स लावणारे पण आपणच.

तुमची फाइल अडकली असेल तर तोंडी विचारत बसू नका, "साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच कळेल. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आवक नंबर घ्या, आणि माहिती अधिकारात एवढंच विचारा की अमुक नंबरची फाइल कुठल्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मित्राचा अर्ज कालच टाकलाय, उत्तर आलं की नावं झाकून दाखवतो.