आलेखात उंदीर नाही

(दृश्य : आठवडावार मृत्यूंचा तक्ता)

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. मुंबईत प्लेगनं दगावलेल्यांचे हे आठवडावार आकडे. १९२७ साली साथींचं गणित मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी त्यांवर घंटेच्या आकाराची रेषा बसवली. शिखर सतराव्या आठवड्याला, एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यू. साथींचं गणित शिकणाऱ्याला ही आकृती आजही भेटते.

जुनी नोंद हाती आली की आधी आकडा कशाचा ते पाहायचं. इथे नोंदलेल्या रुग्णांपैकी शेकडा ८० ते ९० दगावत, म्हणून मृत्यू मोजले तरी भागलं. गोवराच्या साथीत ही सूट नाही.

मग चढाचे आठवडे घेऊन आकड्यांचे लॉगरिदम मांडायचे, म्हणजे पटीनं होणारी वाढ सरळ रेषेत दिसते. या रेषेचा सुरुवातीचा चढ आठवड्याला सुमारे ०.४, म्हणजे मृत्यू साधारण बारा दिवसांत दुप्पट. शिखराजवळचे आठवडे यात घेतले की चढ खोटा कमी दिसतो.

लोकसंख्या किती धरायची? १८९१च्या जनगणनेत शहरात ८,२१,७६४ माणसं, १९०१मध्ये ७,७६,००६. प्लेगच्या दिवसांत माणसं गावी पळत. तिकडे कुणी दगावलं, तर मुंबईच्या तक्त्यात तो मृत्यू नाही.

(दृश्य : जुन्या चाळीचा जिना)

रेषेखालची बेरीज, म्हणजे साथीतले एकूण मृत्यू, भरते सुमारे ८,९००. १९०१ची लोकसंख्या धरली, तर शंभरात जेमतेम एक. लागण होण्याजोगी माणसं कमी पडत गेली म्हणून साथ ओसरली, हे गणिताचं उत्तर इथे पटत नाही. शिवाय साथ जवळपास दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी चढायची आणि पावसाळ्यापर्यंत उतरायची. माणसं काही दरवर्षी त्याच महिन्यात कमी पडत नाहीत!

आधी उंदीर मरून पडायचे. हिंदुस्थानातल्या प्लेगचा अभ्यास करणाऱ्या प्लेग कमिशनला आढळलं, की गटारातल्या तपकिरी उंदरांत साथ आली की दहाएक दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. उंदरांतून माणसांत प्लेग नेते ती पिसू, आणि कडक उन्हाळ्यात ती फार जगत नाही. उतार तिथून येतो. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब, हे केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनीही निबंधात लिहिलंय. रेषेमागच्या समीकरणात मात्र उंदीर नाही.

म्हणून एकाच साथीवर रेषा बसली तरी हुरळून जाऊ नये. बरीच वर्षं एकाखाली एक मांडावीत, शेजारी मेलेल्या उंदरांचा रकाना ठेवावा. आणि रोजच्या नोंदी मिळत असतील तर त्याच घ्याव्यात : आठवड्याच्या बेरजेत दहा दिवसांचं अंतर पुसट होतं.