बाळ किती किलोचं होतं आणि आता बीपी किती?

बीपी म्हणजे मोठ्या माणसांचं दुखणं असं आपण धरूनच चालतो, त्यामुळे लहान मुलाच्या दंडाला पट्टा बांधायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदी घेऊन बसले, तिथे १९११ पासून नर्सबाईंनी बाळांचं जन्माचं आणि वर्षाचं वजन लिहून ठेवलेलं होतं, आणि १९८९ मध्ये त्यांनी छापलं की ज्यांची ही वजनं कमी होती ते पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त गेले. मग प्रश्न आला, जन्माचं वजन कमी असलं तर पुढे बीपीही जास्त राहतं का?

असं का व्हावं, तर किडनीचं कारण मला सगळ्यात पटतं. किडनीतले रक्त गाळणारे बारीक भाग म्हणजे नेफ्रॉन, ते आईच्या पोटातच, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर नवा एकही मिळत नाही. एका किडनीत सरासरी दहाएक लाख असतात, पण माणसामाणसात फरक प्रचंड. पोटात वाढ खुंटली की नेफ्रॉन कमी, मग मीठ बाहेर टाकायला प्रेशर जास्त लागतं, असं अमेरिकन किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलं.

आता लगेच घाबरू नका, कारण आकडा छोटा आहे. अनेक अभ्यासांच्या २००० सालच्या आढाव्यात जन्माचं वजन एक किलो जास्त असेल तर वरचं बीपी साधारण २ मिमी (पाऱ्याचे, बीपीचं माप) कमी, एवढंच निघालं आणि २००२ मध्ये फक्त मोठे अभ्यास पाहिले तर त्याहूनही कमी.

शिवाय यात एक गोम आहे. बहुतेक अभ्यासांत मुलाचं आजचं वजन हिशोबात धरतात, म्हणजे आज सारख्या वजनाच्या मुलांची तुलना करतात. समजा आठ वर्षांची दोन मुलं, दोघंही ३० किलोची, एक जन्मलं २ किलोचं आणि दुसरं साडेतीनचं. पहिल्याचं बीपी जास्त निघालं तर दोष जन्माच्या वजनाचा, की मधल्या आठ वर्षांत ते जास्त झपाट्याने वाढलं त्याचा? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. म्हणजे बाळ बारीक होतं म्हणून शाळेच्या वयात ताटात वाढतच राहायचं, हे काही बरोबर नाही. पहिल्या वर्षातली वजनाची भरपाई वेगळी, ती हवीच.

मोजायचं कधी? अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या नियमांत तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी, पण ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा फारच कमी वजनाचं बाळ असेल तर तीनच्या आधीपासून. आणि पट्टा बघा हो! आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी, छोटा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं, आणि रडणाऱ्या मुलाचं तर मोजूच नका, तीन-पाच मिनिटं शांत बसू द्या. आकडाही वय, उंची, मुलगा की मुलगी बघूनच ठरतो, आणि तोसुद्धा वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त आला तरच बीपी म्हणायचं.