व्हिमीची टेकडी जिंकण्याआधी कॅनडाचे जवान कुठे घडले?

नमस्कार मंडळी. ऑगस्ट १९१४. ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं आणि साम्राज्याचा भाग म्हणून कॅनडाही ओढला गेला. तेव्हा कॅनडाची खडी फौज किती? जेमतेम ३,०००!

लष्करमंत्री सॅम ह्यूज यांनी आधी आखलेली योजना गुंडाळून ठेवली आणि स्वयंसेवकांना थेट क्यूबेकजवळ वाल्कार्टिएला बोलावलं. काही आठवड्यांत तिथे छावणी उभी राहिली, ३० हजारांवर माणसं जमली. लग्न झालेल्याला बायकोची लेखी संमती आणावी लागायची. ऑक्टोबरमध्ये जहाजं सुटलीसुद्धा.

इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीच्या माळरानावर सराव सुरू झाला आणि पाऊस काही थांबेना. कॅनडातून आणलेले बूट चिखलात अक्षरशः उसवले. हातात रॉस रायफल. नेमबाजीच्या मैदानावर झकास, पण चिखल शिरला की बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा मागेपुढे सरकणारा दांडा, अडकायचा. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. डोळे चुरचुरताहेत, शत्रू चालून येतोय, आणि आपला जवान बुटाच्या टाचेने बोल्टवर लाथा मारतोय. मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या रायफली उचलून कित्येकांनी लढाई चालू ठेवली. हे वाचताना माझं रक्त उसळतं. माणसं हिंमतवान होती हो, त्यांना साधनं द्यायची जबाबदारी कुणाची?

आता १९१७. फ्रान्समधली व्हिमीची टेकडी. हल्ल्याआधी मागच्या शेतांत फिती ताणून जर्मन खंदकांचा आराखडा जमिनीवर आखला. त्यावरून तुकड्या पुन्हा पुन्हा चालल्या. पुढे घोड्यावर अधिकारी, हातात झेंडे. झेंडा म्हणजे आपल्याच तोफगोळ्यांची सरकती भिंत. तिच्या मागे मागे चालायचं. घाई केलीत तर आपलाच गोळा अंगावर, रेंगाळलात तर जर्मन मशीनगन जागी होणार. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नकाशांची. एरवी नकाशा अधिकाऱ्याच्या खिशात असायचा. इथे हजारो नकाशे साध्या जवानांपर्यंत पोचले. अधिकारी पडला, तरी पुढे कुठे जायचं हे शेजारच्याला ठाऊक.

९ एप्रिल, पहाटे साडेपाच, पाठीमागून येऊन जर्मनांच्या तोंडावर आदळणारा हिमवर्षाव. चार दिवसांत टेकडी कॅनडाच्या ताब्यात आली. ३,५९८ जण मात्र परतले नाहीत.

तोवर गावोगावच्या भरती केंद्रांवर शुकशुकाट झाला होता. ऑगस्ट १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. बायकोच्या सहीची अट तर १९१५ मध्येच गेली होती.