पूर आणि पूरक

(नाशिकमध्ये गोदाकाठच्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं हे आपल्याला मोबाइलवर कळतं, पण आपला विश्वास बसतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कंबरेला लागलं, छातीपर्यंत आलं, ही आपली मोजपट्टी. मी आज रक्तातल्या अशाच एका पाण्याबद्दल बोलणार आहे. त्याला इंग्रजीत ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणतात आणि मराठी पुस्तकांत ‘पूरक प्रणाली’. पूर आणि पूरक हे दोन्ही शब्द ‘भरणं’ या एकाच अर्थाच्या धातूतून आले आहेत. हा योगायोग मला फार आवडतो, कारण या प्रणालीची सगळी गोष्ट पुराची आणि दरवाजांची आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाशी माझी भेट बहुतेक वेळा परीक्षानळीतच होते. तेव्हा गोष्टही परीक्षानळीपासूनच सुरू करते.

१८९५ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे नावाचा बेल्जियन तरुण काम करत होता. वय पंचवीस. कॉलऱ्याची प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचं ताजं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, कॉलऱ्याच्या जंतूंवर घातलं की जंतू विरघळत. तेच सिरम साधारण ५५ अंशांना तापवलं की ती ताकद जाई. मग त्यानं त्या तापवलेल्या सिरममध्ये कधीही कॉलरा न झालेल्या प्राण्याचं थोडं ताजं सिरम घातलं आणि जंतू पुन्हा मेले. म्हणजे सिरममध्ये दोन गोष्टी होत्या. एक उष्णता सोसणारी, आजारानंतर तयार होणारी. तिला आपण आज अँटिबॉडी म्हणतो. दुसरी नाजूक, उष्णतेनं मरणारी, पण प्रत्येकात जन्मापासून असणारी. या दुसरीला पुढे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखनं ‘कॉम्प्लिमेंट’ म्हटलं, अँटिबॉडीचं काम पूर्ण करणारी म्हणून. बोर्देला १९१९ सालचं नोबेल मिळालं. आजही प्रयोगशाळेत आम्ही सिरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवून ‘निष्क्रिय’ करतो, ते याच प्रयोगामुळे.

ती किती नाजूक आहे हे मला दर मे महिन्यात दिसतं. सुरगाण्याकडून एसटीनं आलेला, बर्फाशिवाय चार तास उन्हात तापलेला नमुना असला की पूरक प्रणालीची एकूण क्षमता कमी येते. रुग्ण ठणठणीत, आजारी पडलेली असते ती नळी. अशा वेळी रिपोर्ट न देता पुन्हा रक्त मागवावं लागतं आणि नातेवाईक चिडतात. त्यांचं चुकत नाही, पण माझाही इलाज नसतो.

आता आतलं यंत्र. यात तीसहून अधिक प्रथिनं आहेत. बरीचशी यकृतात बनतात आणि रक्तातून निष्क्रिय रूपात फिरत राहतात. एकाला कात्री लागली की ते दुसऱ्याला कापतं, दुसरं तिसऱ्याला. सी-१ ते सी-९ असे क्रमांक आहेत, पण ते शोधाच्या क्रमानं पडलेले. त्यामुळे प्रत्यक्षात सी-१ नंतर सी-४, मग सी-२ आणि मग सी-३ येतं. विद्यार्थी इथेच पहिल्यांदा वैतागतात.

आत शिरायला तीन वाटा आहेत. पहिलीत अँटिबॉडी जंतूवर बसते आणि तिला सी-१-क्यू येऊन धरतं. देठाशी बांधलेल्या सहा कळ्यांच्या जुडग्यासारखं दिसणारं प्रथिन. दुसरीत अँटिबॉडी लागतच नाही, जंतूच्या अंगावरची मॅनोजसारखी साखर ओळखली जाते. या दोन वाटांवर मी जास्त थांबत नाही. तिसरी वाट शोधली गेली पहिलीच्या बरीच नंतर, पण उत्क्रांतीत ती जुनी आहे. सी-३ सारखी जनुकं समुद्रातल्या सी-अ‍ॅनिमोनमध्येही सापडतात, आणि त्यांच्याकडे अँटिबॉडी नाहीत. १९५४ साली अमेरिकेत लुईस पिलेमरनं सांगितलं की अँटिबॉडीशिवायही ही प्रणाली पेटते आणि त्यात प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन काम करतं. त्याच्या समकालीनांनी ते मानलं नाही. १९५७ साली तो गेला. त्याचं खरं होतं हे सर्वांनी कबूल करेपर्यंत बरीच वर्षं गेली होती. या माणसाचं नाव घेतल्याशिवाय मी हा विषय कधी शिकवत नाही.

या तिसऱ्या वाटेवर होतं काय? सी-३ हे या प्रणालीचं धरण. एका लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅमहून थोडं जास्त असतं. या धरणाचे दरवाजे कधीच पूर्ण बंद नसतात. कोणी जंतू असो वा नसो, थोडं थोडं सी-३ सतत आपोआप उघडत राहतं. आत्ता तुम्ही इथे बसलेले असताना, तुम्हा प्रत्येकाच्या रक्तात. उघडलेल्या सी-३ मध्ये एक बंध मोकळा होतो आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत जवळ जे सापडेल त्याला चिकटतो. पाणी सापडलं तर वाया जातो. जंतू सापडला तर जंतूला. आणि तुमची स्वतःची पेशी सापडली तर तिलाही.

आमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला नीट सांगितलं जात नाही ते हेच. आपण समजतो की प्रतिकारशक्ती शत्रूला ओळखते आणि मग हल्ला करते. पूरक प्रणालीची ही वाट कोणालाच ओळखत नाही. ती सगळ्यांवर सारखी बरसते. चिकटलेला सी-३-बी हा तुकडा फॅक्टर बी आणि फॅक्टर डी या आणखी दोन प्रथिनांच्या मदतीनं नवी कात्री तयार करतो, ती आणखी सी-३ कापते, त्यातून आणखी कात्र्या. एकाच्या चार, चारांच्या सोळा. काही मिनिटांत एका जंतूवर लाखो तुकडे बसतात. मग पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. पुढे सी-५ कापलं जातं, त्याचा एक तुकडा आणखी पांढऱ्या पेशींना हाक मारतो आणि दुसरा सी-६ ते सी-९ यांना गोळा करून जंतूच्या आवरणाला भोक पाडतो. त्या भोकाचं कडं सी-९ च्या अठराएक रेणूंचं असतं.

मग आपण का विरघळत नाही? आपल्या पेशींनी आपापले बांध घातलेले असतात म्हणून. रक्तात फिरणारं फॅक्टर एच नावाचं प्रथिन आपल्या पेशींवर येऊन बसतं, कात्रीचे दोन भाग सुटे करतं आणि फॅक्टर आय या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीनं सी-३-बी कायमचं निकामी करतं. शिवाय पेशीच्या आवरणातच रोवलेले पहारेकरी आहेत: सीडी-५५ कात्री मोडतो, सीडी-४६ फॅक्टर आयला हात देतो आणि सीडी-५९ शेवटचं भोक पडू देत नाही. मोकळी सोडली तरी ही कात्री दीडएक मिनिटात आपणहून मोडते. प्रॉपर्डिननं धरून ठेवली तर कित्येक पट जास्त टिकते.

फॅक्टर एच आपल्या पेशींना ओळखतं कसं? १९७८ साली डग्लस फिअरननं मेंढीच्या लाल पेशी घेतल्या. माणसाच्या सिरममधली ही तिसरी वाट त्यांना काही करत नाही. त्यांच्या अंगावर सायलिक अ‍ॅसिड नावाची साखर भरपूर असते. ती साखर काढून टाकली आणि बांध गेला. फॅक्टर एच त्या पेशींवर नीट धरेना. म्हणजे ‘मी घरचा आहे’ ही खूण पेशीच्या अंगावरच्या साखरेत आहे. ज्याच्याकडे खूण नाही, तो बुडतो.

चोरांना हे कळायला वेळ लागला नाही. मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस आपलंच फॅक्टर एच पकडून अंगावर ओढून घेतो. त्यासाठी वापरतो ते त्याचं प्रथिन शास्त्रज्ञांनी उचललं आणि त्याच्याविरुद्धच्या लशीत घातलं. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या नियंत्रकांसारखं प्रथिन स्वतःच बनवतो. गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी ते १९८८ साली दाखवलं.

आणि नाग. आपल्याकडे कांद्याच्या चाळीत उंदरांच्या मागे नाग शिरतो, त्यामुळे हा प्राणी आपल्याला परका नाही. नागाच्या विषात सी-३-बीची नक्कल करणारं एक प्रथिन असतं. तेही फॅक्टर बीला धरून कात्री बनवतं, पण फॅक्टर एचला ते जुमानत नाही. दीड मिनिटात मोडणारी कात्री तासन् तास चालते आणि सगळं सी-३ संपवून टाकते. माणूस नागदंशानं मरतो तो मुख्यतः मज्जातंतूंवरच्या विषानं, याच्यानं नव्हे. पण बांध नसलेलं धरण कसं रिकामं होतं, ते प्रयोगशाळेला या विषानं शिकवलं.

आता माणसांकडे येऊ. पेठ तालुक्यातली एक सात वर्षांची मुलगी. अंगावर खरूज, त्यात पिकलेले फोड, आणि तीन आठवड्यांनी पापण्या सुजलेल्या, लघवी कोऱ्या चहासारखी. सी-३ आलं २२ (दर १०० मिलिलिटरला मिलिग्रॅम), जे ९० च्या वर हवं. सी-४ मात्र व्यवस्थित. एवढ्यावरूनच वाट कळते: सी-४ लागतं ते पहिल्या दोन वाटांवरच, आणि ते खर्च झालेलं नाही, म्हणजे पाणी मुख्यतः तिसऱ्या वाटेनं वाहतंय. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला येणारी ही सूज बहुतेक मुलांत आपणहून उतरते. तिची आई दर वेळी विचारायची, “मॅडम, आकडा वाढवायचं औषध द्या ना.” द्यायला काही नव्हतं. रक्तदाब सांभाळायचा आणि वाट बघायची. आठव्या आठवड्यात सी-३ आलं १०४. तीन महिन्यांनंतरही ते खालीच राहिलं असतं, तर बांधातच दोष आहे का हे शोधावं लागलं असतं. भारतातल्या मुलांत एका गंभीर मूत्रपिंडविकारात फॅक्टर एचविरुद्धच अँटिबॉडी सापडतात, आणि जगाच्या तुलनेत आपल्याकडे हे प्रमाण ठळकपणे जास्त आहे. लवकर ओळखलं तर प्लाझ्मा बदलून आणि औषधं देऊन मूत्रपिंड वाचतं.

दुसरा आजार लाल पेशींचा. अस्थिमज्जेतल्या एका पेशीत पुढे कधीतरी एक जनुक बिघडतं आणि तिच्या वंशातल्या पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ रोवायचा खुंटाच बनत नाही. पहारेकरी नसलेल्या त्या लाल पेशी स्वतःच्याच पूरक प्रणालीत फुटतात. सकाळची लघवी काळपट लाल येते. २००७ साली सी-५ ला अडवणारं औषध आलं. ते देण्याआधी मेनिंगोकोकसची लस द्यावीच लागते, कारण सी-५ अडवलं की त्या एका जंतूला दार उघडं मिळतं. हजला जाणाऱ्यांना जी लस सक्तीची असते, तीही याच जंतूविरुद्धची. सी-३ अडवणाऱ्या औषधाची मुळं ज्या छोट्या रेणूत आहेत, तो १९९६ साली सापडला. शोधणाऱ्यांत अरविंद साहू होते. त्यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पूरक प्रणालीवरच काम केलं. त्या रेणूपासून घडवलेलं औषध २०२१ साली रुग्णांपर्यंत पोहोचलं. पंचवीस वर्षं लागली. किंमत मात्र अजून आपल्या रुग्णाच्या आवाक्यात नाही, आणि हे मला मान्य करवत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. निफाडकडच्या एक बाई, वय पस्तीस. दर दोन-तीन महिन्यांनी ओठ, चेहरा, हात सुजायचे. खाज नाही, पित्ताच्या गांधी नाहीत. मध्येच पोटात असह्य कळा. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं झाली, उपयोग शून्य. एका रुग्णालयात अपेंडिक्स काढलं. ते माझ्याच टेबलावर आलं होतं. मी पाहिलं, ‘पाणी धरलेलं आहे, दाह नाही’ असं लिहिलं आणि पुढचा नमुना उचलला. सर्जनना फोन करून विचारलं नाही, की दाह नसलेल्या अपेंडिक्सला पाणी का धरावं. चार वर्षांनी त्या घसा सुजून आल्या, तेव्हा एका तरुण डॉक्टरनं सी-४ मागवलं. ते जवळपास संपलेलं होतं. त्यांच्यात सी-१ ला आवरणारा नियंत्रक जन्मतःच अपुरा होता. तोच नियंत्रक ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचीही निर्मिती आवरतो. तो कमी पडला की ब्रॅडिकायनिनमुळे सूज येते, आणि अ‍ॅड्रेनलिन वा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. सी-४ ची तपासणी महागडी नाही. आम्हा सगळ्यांकडे ती होती.

(श्रोत्यांतून एका गृहस्थांनी विचारलं: “पूरक प्रणाली वाढवायला काय खावं?”)

काही नाही, काका. ती तुमच्याकडे पुरेशी आहे. कोविडच्या गंभीर रुग्णांत ती वाढून बेफाम झालेली आम्ही पाहिली. फुफ्फुसांचं नुकसान करण्यात तिचाही हात होता. रोज ताजं जेवा, यकृत सांभाळा, दारूपासून जपा, कारण ही प्रथिनं तिथे बनतात. वाढवण्याच्या नावानं काही विकत घेऊ नका.

(एका बाईंनी विचारलं: “त्या निफाडच्या बाईंचं पुढे काय झालं?”)

बऱ्या आहेत. कमी असलेला नियंत्रक टोचून देता येतो, पण तो महाग आणि सहज न मिळणारा. आपल्याकडे अजून बऱ्याचदा गोठवलेल्या ताज्या प्लाझ्मावर भागवावं लागतं. हा दोष आई किंवा वडील, कोणा एकाकडूनही येतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यांचे वडील चाळिशीत रात्री झोपेत घुसमटून गेले होते, ते हृदयविकारानं गेले असंच घरात सगळे समजत होते. बाईंना दोन मुली आहेत. दोघींचं रक्त मी स्वतः घेतलं, बर्फात ठेवलं, स्वतः तपासलं. थोरलीचं सी-४ नीट आहे. धाकटीचं फक्त ४, फारच कमी, पण तिला अजून एकदाही सूज आलेली नाही. तिच्या दप्तरात प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी असते: आजाराचं नाव, रक्तगट, घसा सुजला तर काय द्यायचं, काय देऊन वेळ घालवायचा नाही, आणि माझा नंबर.