पुढे एक ओळ, मागे रिकामी खोकी

नमस्कार श्रोतेहो.

दुकान बुडायला लागलं की बाहेर कुणाला कळायच्या आधी ते रॅक लावणाऱ्या पोराला कळतं. मी अकरा वर्षं एका सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर होते. नाव-गाव सांगत नाही, मालक अजून रस्त्यात भेटतात. एका सकाळी सुपरवायझर म्हणाले, "साबण पुढे ओढून एक ओळ करा, मागे रिकामी खोकी लावा. रॅक भरलेला दिसला पाहिजे." पुढच्या आठवड्यात बिस्किटांचं तेच, मग चहापत्तीचं. होलसेलवाल्यांनी उधारी बंद केली होती, रोख दिल्याशिवाय टेम्पो दारात येईना. गिऱ्हाईक एक पुडा उचलायचं आणि मागचं खोकं दिसायचं, की आमच्यातली एखादी धावत जाऊन दुसरा पुडा सरकवायची.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तुम्हाला काय करायचंय? पगार होतोय ना?"

होत होता. सात तारखेचा पंधरावर गेला, पंधराचा बावीसवर, मग अर्धा-अर्धा. दोघी सोडून गेल्या, त्यांचं काम आमच्यात वाटलं. आणि शॉर्टेज! स्टॉक मोजताना जो माल कमी भरतो, त्याचे पैसे सगळ्यांच्या पगारातून कापायचे. पूर्वी शंभर-दीडशे जायचे, शेवटच्या वर्षात हजाराच्या घरात गेले. वर प्रत्येकीकडे चोर म्हणून बघायचं. आपल्यावरच संशय आहे म्हटल्यावर थकलेला पगार मागायला कुणाची जीभ उचलते?

धंदा बसतो, ते मला समजतं. शेजारी मोठ्या साखळीचं दुकान आलं, मोबाइलवर किराणा घरपोच यायला लागला, तिथे एकटा मालक किती टिकणार? माझा राग आहे तो न सांगण्याचा. सहा महिने आधी कळलं असतं, तर आमच्यातल्या एकीने मुलाच्या क्लाससाठी कर्ज काढलं नसतं.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. सुभिक्षा या किराणा दुकानांच्या साखळीची देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं होती. २००९ साली पैसा आटला, दुकानं बंद पडली आणि लोकांचे पगार थकले. बिग बझार तर आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलेला, सव्वीस जानेवारीच्या सेलला ढकलाढकली केलेला. कंपनीकडून भाडी थकली, बऱ्याच जागांचे करार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तिथल्या लोकांना नोकरी देण्याची तयारी त्यांनी दाखवली, हे सांगायला हवं. पण कालपर्यंत ज्या दारातून आत जायचो, ते आज कुणाचं आहे हे फ्लोअरवरच्या माणसाने बातम्यांतून ऐकायचं, हे काही बरं नाही. त्याच वर्षी जुलैत बिग बझारची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आता कामाचं बोलते. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसतो, म्हणजे तो भरलाच असं नाही. मालकाने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा, दर महिन्याला बघा. मी अकरा वर्षांत एकदाच बघितलं, दुकान बंद व्हायच्या आठवड्यात. शेवटचे चार महिने कोरे.

दुसरं. "राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो," असं प्रेमाने म्हणतात. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते. पण कामगाराला मालकाने कामावरून कमी केलं, तर सलग नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची जी भरपाई मिळायला हवी, ती राजीनाम्याच्या त्या एका कागदाने हातची जाते. आणि टीम लीडर म्हणून बिल्ला लावला म्हणून तुम्ही कामगार नाही, म्हणून ही भरपाई नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, दिवसभर काय काम करता ते बघतं. आमची टीम लीडर दिवसभर गोणी उचलायची.

आणखी एक, जरा वेगळंच. केरळात कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी कामावर बसायला मिळावं म्हणून लढा दिला, आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात तो हक्क आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केलं. आमच्या काउंटरमागे तीन स्टुलं होती, पण गिऱ्हाईक असो-नसो, बसलेलं सीसीटीव्हीत दिसलं की फोन यायचा.

शेवटच्या दोन दिवसांत रॅक, टोपल्या, वजनकाटा, सगळं विकायला काढलं. स्टुलांवरही स्टिकर लागले, ऐंशी रुपये एक. कोपऱ्यावरचा चहावाला तिन्ही घेऊन गेला. बिल मीच केलं, उभ्याने.