औषधाची सवय नक्की कुणाला होते?

“मला आता ती गोळी लागूच पडत नाही, शरीराला सवय झालीये.” तुम्हीही कधीतरी असं म्हणाला असाल. मीही म्हटलंय. पण अँटिबायोटिकच्या बाबतीत हे साफ चूक आहे. सवय शरीराला होत नाही, जंतूंना होते. आणि ते जंतू तुमच्यापाशीच थांबत नाहीत.

2016 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी चार फूट लांबीची एक बशी बनवली. दोन्ही टोकांना औषध अजिबात नाही. आत सरकावं तसं आधी जंतूंना जेमतेम रोखेल इतकं, मग त्याच्या दहापट, शंभरपट, आणि मधोमध हजारपट! टोकांना ई. कोलाय जंतू सोडले. ते वाढत पहिल्या पट्टीपर्यंत आले आणि अडले. मग एका ठिपक्यातून एक जंतू निसटला, पंख्यासारखा पसरला. पुढच्या पट्टीवर पुन्हा तेच. दोन आठवड्यांच्या आत ते मध्यावर पोहोचले. त्याचं चित्रीकरण जरूर बघा, भुतांचे सिनेमे फिके पडतील.

औषधाने त्यांना काही शिकवलं नाही, हं. असे चुकार बदल जंतूंमध्ये आपोआप होतच असतात. औषध फक्त बाकीच्यांना मारून मैदान मोकळं करून देतं.

त्याहून वाईट म्हणजे उसनवारी. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. म्हणजे सर्दीसाठी तुम्ही उगाच अँटिबायोटिक घेतलं, तर सर्दीच्या विषाणूला ढिम्म फरक पडत नाही. पण आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंपैकी औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात, आणि त्यांची ती युक्ती उद्या एखाद्या घातक जंतूच्या हाती पडू शकते.

2019 मध्ये अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात अंदाजे 12 लाख 70 हजार माणसं गेली. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचवणं, सगळं याच औषधांच्या भरवशावर चालतं.

“कोर्स पूर्ण करा” हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच संसर्गांत कमी दिवसांचा कोर्सही तेवढाच चालतो असं आता दिसलंय. किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका.

मग नवी औषधं फारशी का येत नाहीत? कारण जंतूंना त्याचीही सवय होऊ नये म्हणून नवं अँटिबायोटिक राखून ठेवायचं असतं, म्हणजे ते खपत नाही. अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला अमेरिकेत जून 2018 मध्ये मंजुरी मिळाली. एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एक वर्षही झालं नव्हतं.