वाफा किती उंच हवा?

(परसबागेविषयी मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

सभागृहात शिरताना तुमच्यापैकी काहींनी मला मोबाइलवर फोटो दाखवले. सगळे साधारण एकसारखेच. गुडघ्याएवढी उंच लाकडी पेटी, तिच्यात काठोकाठ काळीभोर माती आणि वर टवटवीत लेट्युस. "असं करायचंय," असं प्रत्येकाचं म्हणणं. फोटो छानच आहेत, पण ते थंड देशांतले आहेत. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. वसंतात ती लवकर ऊबदार व्हावी म्हणून माती जमिनीपासून वर उचलतात. उचललेल्या मातीला बाजूंनीही ऊन-वारा लागतो, ती आधी तापते आणि पेरणी लवकर उरकते. आपल्याकडे माती तापत नाही अशी तक्रार कोणी केलीय का? एप्रिल-मेमध्ये ती गार कशी राहील याचीच आपल्याला विवंचना असते.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे. वाफा जरूर उंच करा, पण किती उंच ते आपल्या पावसाला आणि आपल्या मातीला विचारून ठरवा.

उंच वाफा आपल्याला नवा नाही. कांद्याचं, मिरचीचं, टोमॅटोचं रोप शेतकरी गादीवाफ्यावरच टाकतात. मीटरभर रुंद, तीन मीटर लांब आणि साधारण १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे वीतभरही नाही. कारण अगदी साधं आहे. कोवळ्या रोपाच्या बुडाशी पाणी साचून राहिलं की बुरशी धरते, देठ मातीलगत मऊ पडतो आणि काल उभं असलेलं रोप आज आडवं होतं. गादीवर पाणी थांबत नाही. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की हवेला जागाच उरत नाही. गादीवाफ्याचा दुसरा फायदा असा की त्यावर कोणी पाय देत नाही. माती एकदा भुसभुशीत केली की तशीच राहते, मुळं सरळ खाली जातात, गांडुळं टिकतात. माझ्या मते उंचीपेक्षा हाच गुण मोठा आहे. वाफ्याची रुंदी त्यावरूनच ठरवायची. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे चार फुटांच्या वर जायचं नाही. घरातली लहान मुलं आणि आजी-आजोबा काम करणार असतील तर तीन फूट बरे. भिंतीला लागून असेल तर दोनच.

आता उंची. अंगणात जिथे वाफा करायचाय तिथे फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तुमच्या जमिनीला निचरा नाही आणि उंची हवीच. तासा-दोन तासांत खड्डा कोरडा झाला तर खाली मुरूम आहे, पाणी हातात राहणार नाही, तिथे उंच वाफा करणं म्हणजे झाडाला तहानलेलं ठेवणं. काळ्या मातीत दोन्ही टोकं एकाच वर्षात बघायला मिळतात. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, जुलैत बुटाला किलोभर चिकटते आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, सोलापुरात त्याहूनही कमी. एकच उंची तिघांना कशी चालेल? कोकणात नऊ इंच ते फूटभर करा. देशावरच्या काळ्या मातीत सहा ते आठ इंच पुरतात. मुरमाड, हलक्या जमिनीत चार इंचांच्या पुढे जाऊ नका, त्याऐवजी खाली फावड्याने फूटभर माती मोकळी करा. आणि पाऊस सरला की त्याच वाफ्याला सगळीकडून दोन-दोन इंचांचा काठ ओढून घ्या, म्हणजे दिलेलं पाणी बाहेर न पळता वाफ्यातच मुरेल. पावसाळ्यात गादी आणि उन्हाळ्यात आळं, अशी एकाच वाफ्याची दोन रूपं.

उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेबही आधीच करून ठेवावा. चार बाय आठ फुटांचा वाफा म्हणजे जवळपास तीन चौरस मीटर. मे महिन्यात भाजीने भरलेल्या वाफ्यातून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे रोजचे वीस लिटर, मोठी बादलीभर. ज्या गावात टँकर येतो तिथे ही बादली फार मोलाची आहे. तिथल्या लोकांना मी उन्हाळ्यात वाफा रिकामा ठेवून वर पाल्याचा जाड थर द्यायला सांगतो. आच्छादन तर कुठेही हवंच. वाळका पाला, उसाचं पाचट, भाताचा पेंढा, जे मिळेल ते तीन बोटं जाड पसरा. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. ओलावा लागला तर त्या दिवशी पाणी देऊ नका, वरची माती कितीही कोरडी दिसो.

कडेला काय लावायचं? लाकूड मी सुचवत नाही. आपल्याकडे वाळवी त्याला फार दिवस ठेवत नाही. कोकणात जांभ्याचा चिरा आहे, त्याहून चांगली कड नाही. घाटावर तुटकी शहाबादी फरशी उभी गाडली की झालं. साध्या विटा सिमेंटशिवाय नुसत्या रचल्या तरी चालतात, फटींतून जास्तीचं पाणी निघून जातं. जुने सिमेंटचे पत्रे मात्र वापरू नका, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. खरं तर कड नसली तरी बिघडत नाही. शेतातल्या गादीवाफ्याला कुठे असते?

माती विकत आणणाऱ्यांनी हा हिशेब लिहून घ्या. चार बाय आठ फूट आणि नऊ इंच उंची म्हणजे २४ घनफूट. माती ब्रासने मिळते आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढी थोडी माती कोणी आणून टाकत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून एक ब्रास मागवावा. निम्मी माती, निम्मं नीट कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एवढं पुरे. खत कुजलंय का हे नाकाला कळतं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार, आंबूस किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर अजून थांबा. काही जण वाफ्यात खाली नारळाच्या शेंड्या, फांद्या, भुसा भरतात. तळाशी असेल तर हरकत नाही, पण भुसा मातीत कालवू नका. तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. मग लोक युरिया आणायला धावतात. वर्षभरात वाफा खाली बसतो, कारण सेंद्रिय भाग कुजून कमी होतो. त्यात बिघडलेलं काही नसतं. दर वर्षी मृगाआधी दोन इंच कंपोस्ट वर टाकायचं. त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही, घरचा ओला कचरा आणि आवारातला पाला पुरतो. सोसायटीच्या कोपऱ्यात पाल्याचे ढीग पेटलेले दिसले की माझा जीव तुटतो. तो पाला म्हणजे पुढच्या वर्षीचा वाफा असतो.

गच्चीविषयी बोलताना मी आवाज थोडा चढवणार आहे. मघाच्याच वाफ्यात नऊ इंच माती भरली आणि पावसात ती भिजली की तिचं वजन टनाच्या वर जातं. चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो ती आपल्या मानकांप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलो वापराचा भार धरून बांधतात, आणि नुसती दुरुस्तीपुरतं चढण्याची असेल तर त्याच्या निम्मा. तेव्हा अंगणातला वाफा उचलून गच्चीवर नेऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. त्याने होकार दिला तरी माती नगण्य ठेवा.

आणि मातीवाचून अडतं असंही नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून शेतकऱ्यांना आणि घरच्या बागवाल्यांना हेच शिकवलं की झाड मुख्यतः उन्हावर वाढतं, आणि हिशेब पानांवर पडणाऱ्या उन्हाचा ठेवायचा. मुळांना लागतो तो ओलसर, जिवंत, कुजलेला पाला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग उभी केली, तीही त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. तुम्हीही पालाकंपोस्ट आणि थोडं धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, यांचा चार-पाच इंचांचा हलका वाफा करा. पालेभाजीला तेवढी खोली पुरते. वाफा गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेवर घ्या, आणि त्याखाली विटांचे ठोकळे ठेवून हवा खेळती राहू द्या, म्हणजे वॉटरप्रूफिंग तपासता येतं.

आता हातात दोन-तीन आठवडे आहेत. मृग लागेपर्यंत वाफा तयार ठेवा. लांब बाजू उत्तर-दक्षिण घ्या. दोडका, काकडी, पडवळ यांचा मांडव उत्तरेच्या टोकाला, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपं येणारं ऊन बाकीच्यांना अडणार नाही. मिरची-वांग्याची रोपं आत्ताच टाका, चार-पाच आठवड्यांत लावायला येतील. मेथी-कोथिंबिरीची घाई करू नका. मुसळधार पावसात पानांवर चिखल उडतो आणि ती सडतात, त्यांना पाऊस ओसरल्यावरच लावा, आणि तेव्हा धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. पावसाळ्यात माठ, अंबाडी, चवळी आणि वाफ्याच्या उताराला, जिथे पाणी निथळतं तिथे, अळू.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी भेंडीपासून सुरुवात करावी. गोव्याकडे कोणी ओळखीचं असेल तर पावसात येणाऱ्या सात शिरांच्या लांब भेंडीचं बी मागवा. बी रात्रभर भिजत घाला. फुटाफुटावर, इंचभर खोल, एकेका जागी दोन बिया टाका. आठवड्यात उगवतात. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. दीड महिन्यात तोडणी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडायलाच हवी, कारण भेंडी जून झाली की झाड नवी फुलं कमी धरतं. पानांच्या शिरा पिवळ्या दिसू लागल्या तर तो पांढऱ्या माशीने आणलेला केवडा रोग. त्यावर औषध नाही, ते झाड त्याच दिवशी उपटून बागेबाहेर न्यायचं. आणि सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन भेंड्या तोडायच्या नाहीत. त्या झाडावरच वाळू द्या, तडकायला लागल्या की काढून कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर महिना लिहा.